नाताळनंतरची आवराआवर

नाताळचे पाहुणे परतले, मुंबई-पुण्याची व आखातातील मुले आपापल्या कामावर रुजू झाली, म्हणजे आमच्या खेड्यांतील घरे एकाएकी ओकीबोकी होतात, आणि तरीही ती भरलेलीच असतात. सोप्यात रिकाम्या खोक्यांचा ढीग, दांडीवर पाहुण्यांच्या चादरी, फडताळात करंज्या-चकल्यांचे अर्धेमुर्धे डबे, आणि कोपऱ्यात अद्याप उभी असलेली गव्हाणी. घरची माउली थकलेली असते; कधी एकदा हा पसारा डोळ्यांआड होतो असे तिला होऊन जाते. अशा थकव्यात जी साफसफाई होते तिच्यात नको ते घरात राहते व हवे ते बाहेर जाते. म्हणून या साध्या विषयावर लिहावे असे आम्हांस वाटले.

प्रथम गव्हाणीविषयी. काही घरी २६ डिसेंबरलाच तारा उतरतो, हे आम्हांस रुचत नाही. नाताळचा काळ त्या दिवशी संपत नाही, नुकताच सुरू झालेला असतो. १९६९ च्या सुधारित उपासना-कॅलेंडरप्रमाणे तो प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालतो. गोव्यात रेइश मागुश, चांदर व कुएली येथे तीन राजांचा सण ६ जानेवारीस थाटाने होतो, तोवर तरी घरची गव्हाणी उभी असावी. कोणी वडीलधारी व्यक्ती १३ जानेवारीचे नाव काढील, तर तो हट्ट समजू नये. १९५५ पर्यंत तीन राजांच्या सणाचे अष्टक त्या दिवशी पुरे होत असे. कित्येक ठिकाणी तर २ फेब्रुवारीस, म्हणजे बाळ येशूच्या मंदिरातील समर्पणाच्या सणापर्यंत, ती ठेवण्याची जुनी चाल आहे.

मूर्ती उचलताना घाई नको. माती व प्लास्टर या दोहोंना पाण्याचे वावडे असते. ओल्या फडक्याने पुसल्यास रंग निघतो आणि कडा विरघळतात. दाढीच्या जुन्या, कोरड्या, मऊ कुंचल्याने धूळ झाडावी व प्रत्येक मूर्ती निराळ्या सुती चिंध्यांत गुंडाळावी. वर्तमानपत्राचा कागद थेट अंगाला लावू नये, त्याची शाई मूर्तीवर उतरते. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधण्याची हल्ली खोड लागली आहे. परंतु पावसाळी मुलखात आतला दमट वारा आतच कोंडतो व पुढल्या डिसेंबरात पवित्र मरियेच्या निळ्या झग्यावर बुरशी सापडते. लाकडी अथवा पुठ्ठ्याचे खोके, तळाशी कोरडा भुसा, आणि ते जमिनीवर न ठेवता फळीवर, एवढे पुरते. दिव्यांच्या माळा पुठ्ठ्यावर गुंडाळाव्यात. सेलवर चालणाऱ्या दिव्यांतील सेल आठवणीने काढावेत, नाहीतर ते पाझरून आतील पत्रा खातात.

गव्हाणीतील पेंढा गोठ्यात घालण्याची रीत उत्तम आहे. मात्र त्यापूर्वी तो उन्हात पसरून नीट चाळावा. चमकी, तार, टाचणी जनावराच्या पोटात गेली तर सणाचा आनंद गोठ्यात महाग पडतो. ताटलीत पेरलेले नाचणीचे हिरवे कोंब कोंबड्यांना घालावेत. थर्माकोलचे डोंगर व प्लॅस्टिकचे तारे मात्र परड्यात पेटवू नयेत; त्यांचा धूर मुलांच्या छातीस घातक. सजावटीच्या थर्माकोलवर तर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदीच आहे. बांबूच्या काड्यांचा व पतंगी कागदाचा तारा आमच्या मते अधिक शोभतो, आणि त्याचा सांगाडा वर्षानुवर्षे टिकतो.

एखादी आशीर्वादित मूर्ती भंगली, रोजरी तुटली, तर ती उकिरड्यावर अथवा वडाच्या पारावर ठेवून येणे योग्य नव्हे. विहिरीत किंवा नदीत सोडणेही नव्हे. १९८३ च्या धर्मसभेच्या कायदेसंहितेतील ११७१ वा नियम अशा वस्तूंचा आदर राखण्यास सांगतो. कागदी चित्र जाळावे, माती वा प्लास्टर परड्यातील स्वच्छ जागी पुरावे.

आता कपड्यांच्या पेट्या. आखातातून आलेल्या जाड चादरी कित्येक घरी पिशवीची चेनसुद्धा न उघडता वर्षानुवर्षे पडून असतात. "पोराने आणली, वापरली तर खराब होईल," असे आई म्हणते. तिची माया आम्ही समजतो. परंतु त्याच जानेवारीत बेळगाव भागातील उसाच्या फडांवर तोडणीची कुटुंबे पाचटाच्या खोपीत उतरलेली असतात, आणि त्यांची तान्ही मुले पहाटेच्या थंडीत कुडकुडत असतात. चौथ्या शतकातील संत बेसिल यांनी धनिकांना बजावले होते की, पेटीत पडून राहिलेले वस्त्र खरोखरी उघड्या माणसाचे असते. तेव्हा एक चादर ठेवा, दुसरी द्या. द्यावयाची ती धुऊन, बटणे लावून द्यावी. फाटके दान हे दान नव्हे. फाटक्याची वाकळ शिवावी, नाहीतर बोहारणीला द्यावे. धर्मग्रामात संत व्हिन्सेंट द पॉल सोसायटी असेल तर तिच्याकडे पोहोचते करावे. घेणाऱ्याला चारचौघांत हात पसरावा लागत नाही.

आणखी एक. सुनेने सासूची पेटी तिच्या पश्चात उघडू नये. आपल्याला जे जुनेर दिसते ते कोणाच्या लग्नातले, कोणाच्या बाप्तिस्म्यातले असते. तिच्या शेजारी बसून, एकेक वस्तू हातात घेऊन विचारावे. अर्धा दिवस जाईल, पण घरात अबोला शिरणार नाही.

सर्वांत मोठे नुकसान कागदांचे होते. माळ्यावरील गाठोडे सोडले, आजोबांच्या हातचे मोडी कागद निघाले, कोणालाच वाचता येईनात, गेले बंबात! १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगावचा मुलूख मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्यापूर्वीची खरेदीखते, वाटणीपत्रे अद्याप घराघरांत आहेत. गोव्यात १९६१ पूर्वीचे पोर्तुगीज कागद तसेच. बाप्तिस्म्याचा दाखला हरवला तर चर्चच्या नोंदवहीवरून पुन्हा मिळतो. सरकारदरबारी नोंद न झालेल्या वाटणीपत्राची दुसरी प्रत कोठून आणणार? भावाभावांचे तंटे अशा एका कागदावाचून वर्षानुवर्षे चालतात. न वाचता येणारा कागद जाणकारास दाखवीपर्यंत कडुनिंबाच्या वाळल्या पाल्यासह पत्र्याच्या पेटीत ठेवावा.

राहता राहिली क्रूसामागे वर्षभर खोवलेली झावळी. राखेच्या बुधवारची राख गतवर्षीच्या आशीर्वादित झावळ्यांचीच करतात. म्हणून ती या आवराआवरीत केराबरोबर जाऊ देऊ नये. कोळिष्टके झटकून निराळी ठेवावी आणि उपवासकाळ लागण्यापूर्वीच्या एखाद्या रविवारी मिस्साला जाताना चर्चमध्ये देऊन यावी. क्रूसामागची ती जागा झावळ्यांच्या रविवारपर्यंत रिकामीच राहू द्यावी.