टाळी कधी वाजवायची?

सिम्फनीच्या दोन भागांमध्ये चुकून टाळी वाजली की आजूबाजूचे रोखून बघतात, आणि नवखा श्रोता पुढच्या वेळी घरीच बसतो. हा शिष्टाचार अनादि काळापासूनचा वाटतो, पण तसा तो नाही. १७७८ साली पॅरिसमध्ये मोझार्टची नवी सिम्फनी वाजली, तेव्हा पहिला भाग चालू असतानाच टाळ्या पडल्या. मोझार्टने वडिलांना पत्रात हे खुशीने कळवलं. कुठला तुकडा लोकांना आवडणार हे त्याने आधीच हेरलं होतं! १८१३ मध्ये व्हिएन्नात बीथोव्हनच्या सातव्या सिम्फनीचा दुसरा भाग तर श्रोत्यांनी पुन्हा वाजवायला लावला. शांततेची सक्ती रुजली ती नंतर, हळूहळू.

वादकाच्या बाजूनेही पाहा. मागच्या रांगेतल्या व्हायोलावादकाची नजर स्वरलिपी आणि कंडक्टर यांच्यातच अडकलेली. श्रोते सोबत आहेत हे त्याला कळणार कसं? आपल्याकडे समेवरची दाद गवयाला पुढच्या आवर्तनाचं बळ देते. एकाग्रता मोडते, हा आक्षेप मात्र पोकळ नाही. चायकोव्हस्कीच्या सहाव्या सिम्फनीचा तिसरा भाग दणक्यात संपतो, लोक हमखास फसतात, आणि पुढचा विलाप टाळ्यांच्या गोंगाटात सुरू होतो. पण तिथे कंडक्टरने हात वर धरून ठेवला तरी पुरतं. शेजाऱ्याने डोळे वटारायची गरज नाही. मुंबईत एनसीपीएला २००६ पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. जाल तेव्हा कंडक्टरच्या हातांकडे लक्ष ठेवा, आणि ते खाली आले की बिनधास्त टाळी वाजवा.