कर्ण्याला वठलेलं झाड हवं

निपाणीची जमीन तंबाखूची, उघडी आणि उन्हाची. त्याच बेळगाव जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, खानापूर तालुक्यात, जांबोटी ओलांडून कणकुंबीकडे निघालं की दाट सदाहरित रान लागतं. इथला भीमगड परिसर २०११ साली अभयारण्य झाला. सुमारे १९० चौरस किलोमीटरच्या या रानात मलबारी कर्णा हा पक्षी राहतो.

नराचं डोकं नि छाती काळी, तिच्याखाली पांढरा पट्टा आणि पोट कुंकवासारखं लाल. मादी मातकट पिवळसर. लांब शेपूट धरून पक्षी जेमतेम फूटभर, पण अंगाने लहानच. एवढे रंग असूनही तो सहज दिसत नाही, कारण चाहूल लागताच पाठमोरा होतो. पाठ तपकिरी, झाडाच्या सालीत मिसळणारी. बराच वेळ तो हलतही नाही. मग एकदम झेप घेऊन पानावरचा नाकतोडा किंवा सुरवंट टिपतो.

त्याचे पाय विलक्षण आहेत. सुतार आणि पोपट यांचीही दोन बोटं मागे वळलेली असतात, पण ती पहिलं आणि चौथं. कर्ण्याच्या कुळात पहिलं आणि दुसरं मागे असतं. ही रचना जगात दुसऱ्या कुठल्याही पक्ष्याची नाही. ग्वाटेमालाचा राष्ट्रीय पक्षी केत्साल याच कुळातला.

खरी अडचण घरट्याची. सुताराप्रमाणे जिवंत लाकूड फोडण्याची ताकद कर्ण्याच्या चोचीत नाही. फेब्रुवारी ते मे या काळात नर-मादी कुजून मऊ झालेलं उभं खोड शोधतात आणि चोचीने पोखरत त्यात पोकळी करतात. अंडी बहुधा दोनच. दोघंही आळीपाळीने उबवतात, आणि पिल्लं उडू लागल्यावरही कित्येक महिने त्यांना भरवतात. इतक्या सावकाश वाढणाऱ्या कुटुंबाचं एक खोड गेलं, तर त्या वर्षीची वीण गेली.

आणि नेमकं तेच खोड आपण आधी तोडतो. वठलेलं म्हणजे निरुपयोगी, सरपणाला बरं, असं आपण धरून चालतो. पण बुरशी, वाळवी, भुंग्यांच्या अळ्या, त्या खाणारे पक्षी, अशी किती तरी जिवांची वस्ती त्यात असते. रान साफ करणं म्हणजे रान राखणं नव्हे.

खानापूर, चंदगड, आंबोलीकडे ज्यांची मालकीची झाडी आहे, त्यांनी घरावर किंवा वाटेवर पडण्याचा धोका नसेल तिथे एखादं वठलेलं झाड उभंच ठेवावं. फोटो काढणाऱ्यांनीही विणीच्या दिवसांत मोबाईलवर कर्ण्याची साद वाजवून त्याला बोलावू नये.