शुभेच्छुक कोण?

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या टापूत फलक खालून वर वाचायची पद्धत आहे. वाढदिवस कोणाचा आणि निवड कसली झाली, हे नंतर बघायचं. नजर आधी जाते तळाच्या पट्टीवर, शुभेच्छुकांच्या गोल गोल फोटोंच्या रांगेवर. कोण आहे, कोण गळलं, कोणाचा फोटो पूर्वी उजवीकडे होता आणि आता डावीकडे सरकला, हे डोंबिवलीच्या इंदिरा चौकात रिक्षाच्या रांगेत उभा असलेला माणूस दोन मिनिटांत सांगतो. वर्तमानपत्रात युती तुटल्याची बातमी येण्याआधी ती ठाण्याच्या तीन हात नाक्यावरच्या फलकावर फोटो कापून जाहीर झालेली असते.

त्यामुळे तळाची पट्टीच कोरी असलेला फलक लागला की पंचाईत होते. मजकूर खोचक, टोमणा नेमका आणि खाली कोणीच नाही. मग सगळं गाव गुप्तहेर बनतं. पहिला तर्क विरोधकांचा. दुसरा, जरा अनुभवी माणसाचा: विरोधक नाही हो, त्यांच्याच पक्षातला दुसरा गट. तिसरा तर्क फक्त फार मुरलेली मंडळी मांडतात: ज्याच्यावर टीका आहे त्यानेच लावलाय, सहानुभूतीसाठी. या तिन्हींवर लोकलच्या एका फेरीत चर्चा होते आणि मुलुंड येईपर्यंत मूळ मजकूर काय होता हे कोणाच्या लक्षातही राहत नाही.

खरं म्हणजे एका माणसाला सगळं ठाऊक असतं, तो फ्लेक्स छापणारा. कोणत्याही स्टेशनबाहेरच्या गल्लीतलं दुकान घ्या. पुढे एक संगणक, त्यावर कोरल उघडलेलं, मागे घरघरणारं मशीन आणि सॉल्व्हंट शाईचा वास. डिझायनर पोरगा नेत्यांचे कापलेले फोटो फोल्डर करून ठेवतो: हसरा, गंभीर, हात जोडलेला, बोट दाखवणारा. फ्लेक्स निघाला की कडा दुमडायच्या, आयलेट ठोकायचे, लाकडी फ्रेमवर ताणून बसवायचा आणि मध्यरात्रीनंतर टेम्पोतून नेऊन बाइंडिंग वायरने खांबाला आवळायचा. एका फलकामागे किमान पाचसहा माणसं. एवढ्या लोकांच्या हातून गेलेली गोष्ट गुपित राहते, कारण त्यातल्या प्रत्येकाला उद्याचं कामही त्याच गिऱ्हाइकाकडून हवं असतं. आणि तरीही जाणकार ओळखतातच. डिझायनरची लकब लपत नाही. मागची सूर्यकिरणं, अक्षरांना दिलेली पांढरी किनार, ठरावीक मराठी फॉन्ट आणि त्यात दरवेळी चुकणारा तोच ऱ्हस्व-दीर्घ. निनावी फलकाचे बोटांचे ठसे असे शुद्धलेखनात सापडतात.

या भागाशी जोडलेली सगळ्यात मोठी निनावी जाहिरात मात्र खांबावर लागली नव्हती. ती 13 जून 2023 रोजी सकाळी राज्यातल्या मोठ्या वर्तमानपत्रांत पानभर छापून आली. ‘राष्ट्रात मोदी, महाराष्ट्रात शिंदे’ असा मथळा, धनुष्यबाण आणि एका सर्वेक्षणाचे आकडे. मुख्यमंत्री म्हणून एकनाथ शिंदे यांना 26.1 टक्के पसंती, देवेंद्र फडणवीस यांना 23.2 टक्के. बाळासाहेब ठाकरे यांचा फोटो नाही, आनंद दिघे यांचा नाही आणि ज्यांच्या पाठिंब्यावर सरकार उभं होतं त्या फडणवीसांचाही नाही. सवयीने लोकांनी आधी काय नाही तेच वाचलं.

त्याला पार्श्वभूमीही होती, आणि ती मुंबईची नव्हे, डोंबिवलीची होती. त्याआधीच्या काही दिवसांत कल्याण-डोंबिवलीतल्या भाजप पदाधिकाऱ्यांनी शिंदे यांच्या शिवसेनेला सहकार्य न करण्याचा ठराव केला होता आणि खासदार श्रीकांत शिंदे यांनी राजीनाम्याची तयारी बोलून दाखवली होती. त्यामुळे पानभर जाहिरात पाहिल्यावर राज्यभर लोकांनी राजकारण वाचलं, पण डोंबिवलीकरांनी गल्लीतलं भांडण वाचलं.

जाहिरात दिली कोणी? शिवसेनेचे मंत्री म्हणाले, ती पक्षाने दिलेली नाही, कोणा हितचिंतकाने दिली असेल. मंत्री शंभूराज देसाई यांनीही हीच बाजू मांडली. पुढचे दोन दिवस अख्खा महाराष्ट्र त्या हितचिंतकाच्या शोधात होता. इतक्या वर्तमानपत्रांची पहिली पानं एकाच दिवशी विकत घेणारा, आकडे दशांशापर्यंत ठाऊक असणारा आणि तरीही नाव सांगायला लाजणारा असा हितचिंतक आपल्यालाही एखादा असावा, असं त्या आठवड्यात पुष्कळांना वाटून गेलं. फडणवीसांचा कोल्हापूर दौरा रद्द झाला. कारण कानदुखीचं सांगितलं गेलं आणि त्या कानावर मग जे विनोद झाले ते सगळे निनावीच होते. 14 तारखेला दुसरी जाहिरात आली. त्यात बाळासाहेब होते, दिघे होते, फडणवीस होते, मंत्रीही होते. पहिल्या जाहिरातीत जे जे गाळलं होतं त्याची यादीच जणू दुसरीने दिली. इतकं प्रामाणिक शुद्धिपत्रक सरकारी गॅझेटातही निघत नाही. 15 तारखेला दोघे नेते पालघरच्या कार्यक्रमात एकत्र दिसले आणि प्रकरण मिटलं. हितचिंतक मात्र अजून पुढे आलेला नाही.

जाहिरात धंद्यातल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. नाव लपवून कुतूहल वाढवायचं हा त्यांचा जुना डाव. मध्य रेल्वेने रोज जाणाऱ्या एका पिढीला 2002 सालचा डिसेंबर आठवत असेल. स्टेशनांवर, बसवर, चौकात एकच प्रश्न: ‘बलबीर पाशा को एड्स होगा क्या?’ कोण हा बलबीर पाशा? खरा माणूस आहे, सिनेमा येतोय की कोणी कोणाचा सूड घेतंय? डब्यात एखाद्या सहप्रवाशाला चिडवायचं झालं तरी त्याचं नाव त्या वाक्यात बसवलं जायचं, आणि विडंबन लोकांनीच फुकट करून टाकलं. पुढे कळलं की पॉप्युलेशन सर्व्हिसेस इंटरनॅशनल या संस्थेने लोव या जाहिरात कंपनीकडून करून घेतलेली ती एड्सविरोधी मोहीम होती. पुढच्या टप्प्यात मंजुळा नावाचं पात्र आलं आणि वेश्याव्यवसायातल्या बाईवर ठपका ठेवल्याबद्दल आक्षेपही आले. ते मला आजही रास्त वाटतात. पण ज्या विषयावर चारचौघांत तोंड उघडायची सोय नव्हती, तो या मोहिमेने कर्जत लोकलच्या दारात आणून उभा केला.

या डावात एक धोका आहे. तुम्ही नाव लपवलंत तर दुसरा कोणीतरी त्या रिकाम्या जागी आपलं नाव लिहू शकतो. 2010 च्या जुलैत मुंबईत एका ‘रहस्यमय शाम्पू’चे फलक झळकले: 80 टक्के बायकांना तो सगळ्यांत चांगला वाटतो म्हणे, पण नाव नाही. तो प्रॉक्टर अँड गॅम्बलचा पँटीन होता आणि नाव जाहीर व्हायचं होतं 1 ऑगस्टला. त्याच्या आधीच हिंदुस्थान युनिलिव्हरने शेजारी फलक लावून टाकला: यात रहस्य काहीच नाही, पहिल्या नंबरचा शाम्पू डव्ह आहे. कोड्याचं उत्तर कोडं घालणाऱ्याच्या आधी दुसऱ्याने, तेही चुकीचं, देऊन टाकलं.

आणि कधी कधी रहस्यामागे काहीच मोठं नसतं. ऑगस्ट 2018 मध्ये पिंपरी-चिंचवडमध्ये एका सकाळी सुमारे तीनशे फलक उगवले. प्रत्येकावर एक नाव आणि पुढे ‘आय अॅम सॉरी’. राजकारण्यांपासून जाहिरात कंपन्यांपर्यंत सगळ्यांवर संशय घेऊन झाला. निघाला एक रुसवा काढू पाहणारा प्रियकर. पोलिसांनी त्याला गाठलं तेही फलक छापून देणाऱ्याच्या मार्गाने. म्हणजे पुन्हा फ्लेक्सवालाच.

कायद्यालाही हे दीडशे वर्षांपासून माहीत आहे. 1866 साली काशिनाथ विष्णु फडके यांनी ठाण्यात ‘अरुणोदय’ सुरू केलं आणि पुढच्याच वर्षी इंग्रज सरकारने छापील कागदावर मुद्रकाचं नाव सक्तीचं करणारा कायदा आणला. लिहिणारा सापडो न सापडो, छापणारा सापडला पाहिजे, हा हिशोब. त्यापुढच्या दशकात ठाण्यातूनच ‘हिंदू पंच’ निघू लागलं. लंडनच्या ‘पंच’वरून नाव घेतलेलं, टवाळी हाच धंदा असलेलं साप्ताहिक. विडंबनाचा छापखाना आमच्या गावात तेव्हापासून आहे, असं ठाणेकराने अभिमानाने सांगायला हरकत नाही, फक्त शेवटही सांगावा. 1909 मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांनी ‘हिंदू पंच’वर बदनामीचा खटला भरला आणि पत्राला ते झेपलं नाही. छापणाऱ्याचं नाव छापलेलं होतं, त्यामुळे कोणाला धरायचं हा प्रश्न उद्भवलाच नाही.

हाच हिशोब लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 127 अ मध्ये आहे. निवडणुकीचं पत्रक वा पोस्टर छापायचं तर मुद्रकाचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता त्यावर हवा. प्रकाशकाने सही करून आपली ओळख लिहून द्यायची आणि त्याला व्यक्तिशः ओळखणाऱ्या दोघांनी ती साक्षांकित करायची. मोडलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दोन हजारांत आता बरा फलकही होत नाही. शिवाय 1995 चा राज्याचा मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध कायदा आहे आणि साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या याचिकेवर 31 जानेवारी 2017 ला उच्च न्यायालयाने बेकायदा फलकांविरुद्ध दिलेला सविस्तर निकालही आहे. यंत्रणा नाही असं नाही, तिला बघायचं कुठे हे कोणी सांगत नाही.

आणि इथे मला सगळी निनावी जाहिरात एका मापाने मोजणं पटत नाही. एप्रिल 2023 मध्ये ‘पन्नास खोक्यां’च्या आरोपावर रॅप करणाऱ्या एका तरुणावर अंबरनाथमध्ये गुन्हा दाखल झाला. गडी तोंड दाखवून, कॅमेऱ्यात बघून गायला होता, त्याला शोधायला कष्ट पडले नाहीत. दोनच महिन्यांनी आलेल्या पानभर जाहिरातीचा दाता मात्र कोणालाच सापडला नाही. कल्याणचा जुना पत्रीपूल नोव्हेंबर 2018 मध्ये पाडला आणि नवा जानेवारी 2021 मध्ये खुला झाला. मधल्या दोन वर्षांत कोंडीत अडकलेल्या लोकांनी त्यावर किती खोट्या जाहिराती, उद्‌घाटनपत्रिका आणि पर्यटनस्थळाची आमंत्रणं करून फोनवर फिरवली याची गणती नाही. त्यातल्या एकाही लेखकाने नाव टाकलं नाही. 2018 च्या पावसाळ्यात एकट्या कल्याणात खड्ड्यांनी पाच बळी घेतले, त्यानंतरच्या विनोदांखालीही नाव नव्हतं. ज्याला उद्या त्याच वॉर्डात नळजोडणीचा अर्ज घेऊन जायचंय, त्याने नाव का टाकावं? दुबळ्याने नाव लपवलं तर ती सावधगिरी झाली. पहिलं पान विकत घेणाऱ्याने लपवलं तर हिशोब मागायला हवा.

तो पुढे पुन्हा मागितला गेला. 6 सप्टेंबर 2025, अनंत चतुर्दशी. वर्तमानपत्रांत पानभर ‘देवाभाऊ’: शिवाजी महाराजांच्या चरणी फुलं वाहणारे मुख्यमंत्री फडणवीस. तळाला कोणी नाही. पुन्हा तोच शोध, फक्त या वेळी जो 2023 मध्ये गाळला गेला होता तो मध्यभागी होता. विरोधकांनी मित्रपक्षातल्या एका मंत्र्याकडे बोट दाखवलं, रोहित पवार यांनी खर्चाचा हिशोब विचारला. आठवडा उलटतो न उलटतो तोच नाशिकच्या शेतकरी मोर्चाआधी शरद पवारांच्या पक्षाने ‘देवा तूच सांग’ अशी जाहिरात काढली. विडंबन करणाऱ्याने नाव दिलं, मूळ जाहिरातवाल्याने दिलं नाही. हा उलटा प्रकार फारसा कोणाच्या नजरेत आला नाही. कर्नाटकात 2022 च्या सप्टेंबरात पेटीएमच्या थाटात ‘पे-सीएम’ची पोस्टरं लागली, तेव्हाही काँग्रेसचे बडे नेते काही दिवसांनी स्वतः खळ आणि ब्रश घेऊन भिंतीसमोर उभे राहिले होते.

त्यानंतर महापालिकांच्या निवडणुका तोंडावर आल्या. कल्याण-डोंबिवलीत 2020 च्या अखेरीपासून आणि ठाण्यात 2022 च्या मार्चपासून नगरसेवक नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने 31 जानेवारी 2026 ची मुदत घालून दिली होती. दिवाळी पहाटेला डोंबिवलीच्या फडके रोडवर आणि ठाण्याच्या तलावपाळीला तरुणाईची जत्रा भरली तेव्हा तिच्या डोक्यावर भावी नगरसेवकांचे हात जोडलेले फोटो टांगलेले होते. फ्लेक्सच्या दुकानांत मशीन रात्रभर चालू होती. डिझायनरच्या संगणकावर एकाच वॉर्डातल्या तीन इच्छुकांचे फोल्डर शेजारी शेजारी उघडे होते, आणि चौथं फोल्डर होतं, त्याला त्याने अजून नाव दिलेलं नव्हतं.