बेकारीच्या नोंदीबाहेरची बाई

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत मंदी सर्वांना सारखी भेटत नाही. फाउंड्री, मशीनशॉप ही बहुतांशी पुरुषांची कामे. ती वाहनधंद्याशी बांधलेली. २०१९ साली देशात वाहनांचा खप घसरला, तेव्हा घाव अशाच कामांवर पडला. शिलाई, पॅकिंग, झाडलोट यांत बाया अधिक. २०२० च्या टाळेबंदीने शिलाईची यंत्रेही थांबवली.

काम सुटलेला पुरुष दुसऱ्या गेटवर उभा राहतो आणि सरकारी पाहणीत 'बेकार' ठरतो. बाईबद्दल मात्र घरातल्याने 'ती आता घरीच असते' एवढे सांगितले, की ती श्रमबलातूनच वगळली जाते. भूमिहीन दलित बाईला तर घरी बसणेही परवडत नाही. ती मिळेल त्या मजुरीवर भांगलणीला जाते; कागदावर तिला 'रोजगार' असतो.

म्हणूनच २०२३-२४ च्या देशव्यापी श्रमबल पाहणीत स्त्री आणि पुरुष, दोघांचीही बेकारी ३.२ टक्केच भरते. पण पंधरा वर्षे व त्यावरील शंभर स्त्रियांपैकी ५८ श्रमबलाबाहेर आहेत, पुरुषांपैकी २१.

तेव्हा कार्यकर्त्यांनी वस्तीतील बेकारांची यादी करताना थेट बाईलाच विचारावे : आधी कोणते काम होते, ते का सुटले, परत मिळाले तर जाणार का? तिचे उत्तर नोंदल्याशिवाय ती यादी पुरी मानू नये.