विश्लेषण : ‘प्लेनर’ इअरफोन खरेच हवा का? निवडताना काय पाहावे?

ॲपलने २०१६ मध्ये ‘आयफोन ७’मधून हेडफोनचे गोल छिद्र काढून टाकले. पाठोपाठ इतर कंपन्यांच्या महागड्या फोनमधूनही ते दिसेनासे झाले आणि वायरचे इअरफोन आता इतिहासजमा होणार, असे मानले जाऊ लागले. प्रत्यक्षात मन लावून संगीत ऐकणाऱ्यांच्या बाजारात उलटेच घडले. घरी बसून ऐकायच्या अवजड, महाग हेडफोनपुरते मर्यादित असलेले ‘प्लेनर मॅग्नेटिक’ तंत्र कानात मावणाऱ्या वायरच्या इअरफोनमध्ये उतरले आणि दीड-दोनशे डॉलरच्या आसपास मिळू लागले. मात्र खोक्यावर ‘प्लेनर’ लिहिलेले आहे म्हणून केलेली खरेदी पस्तावण्याचे कारण ठरू शकते.

प्लेनर म्हणजे नेमके काय?

नेहमीच्या ‘डायनॅमिक’ इअरफोनमध्ये पातळ पडद्याला तारेचे वेटोळे चिकटवलेले असते. वीजप्रवाह आला की चुंबकाच्या क्षेत्रात हे वेटोळे हलते आणि पडद्याला पुढे-मागे ढकलते. म्हणजे जोर पडद्याच्या एका भागावर लागतो आणि उरलेला पडदा त्याच्यामागे ओढला जातो. प्लेनरमध्ये वेगळे वेटोळे नसते. अतिशय पातळ, सपाट पडद्यावरच वीजवाहक पट्ट्या नक्षीसारख्या उमटवलेल्या असतात आणि तो चुंबकांच्या रांगांसमोर ताणून बसवलेला असतो. त्यामुळे जोर जवळपास संपूर्ण पडद्यावर एकसारखा लागतो. पडदा वेडावाकडा न हलता एकसंध हलतो, आवाजातील विकृती कमी राहते आणि झटपट सुरू होऊन थांबणारे स्वर नेमके उमटतात, हा या रचनेचा फायदा.

हे तंत्र नवे आहे का?

नाही. यामाहाने १९७०च्या दशकातच ‘ऑर्थोडायनॅमिक’ नावाने असे हेडफोन बाजारात आणले होते. अडचण आकाराची होती. सपाट पडदा लहान केला की त्याची हवा ढकलण्याची क्षमता घटते आणि चुंबकही छोटे करावे लागतात. कॅलिफोर्नियातील ऑडिझी कंपनीने २०१६ मध्ये ‘आयसाइन’ ही कानात बसणारी प्लेनर मालिका जाहीर केली, पण तिचा पडदा तब्बल ३० मिमीचा होता. तो भाग कानाबाहेर राही आणि मागून उघडा असल्याने बाहेरचा गोंगाट आत आणि गाणे बाहेर जाई. घरात उत्तम, प्रवासात निरुपयोगी, अशी ही गत होती. २०१९ मध्ये चीनच्या टिन हायफायने १० मिमी पडद्याचा ‘पी१’ आणला. चित्र खऱ्या अर्थाने बदलले ते २०२१ मधील ‘सेव्हन हर्ट्झ टाइमलेस’मुळे. १४.२ मिमी पडद्याच्या या इअरफोनपाठोपाठ २०२२ मध्ये १४.८ मिमीचा ‘लेटशूअर एस१२’ आला आणि स्पर्धा वाढून किमती उतरू लागल्या.

फोनला तो झेपतो का?

खरेदीपूर्वी सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच. त्याचे उत्तर खोक्यावरील दोन आकड्यांत असते : संवेदनक्षमता (डेसिबल) आणि इम्पिडन्स (ओहम). ‘टाइमलेस’चे हे आकडे १०४ डेसिबल आणि १४.८ ओहम आहेत, तर ‘पी१’चे सुमारे ९० डेसिबल आणि २० ओहम. फरक १४ डेसिबलचाच वाटतो, पण दर १० डेसिबलला दहापट शक्ती लागते. त्यामुळे तेवढ्याच आवाजासाठी दुसऱ्याला सुमारे २५ पट शक्ती द्यावी लागते. पहिल्या पिढीतील प्लेनरला ‘वेगळा ॲम्प्लिफायर हवाच’ असे म्हटले जाई ते यामुळे. आजच्या बहुतेक प्लेनरबाबत ते खरे नाही. ज्या यूएसबी-सी जोडणीतून १ व्होल्ट मिळतो, ती ‘टाइमलेस’ला कागदावर १२० डेसिबलच्याही पुढे नेऊ शकते. कानाला ते मुळीच सोसणार नाही.

एक खाचखळगा मात्र लक्षात ठेवावा. काही कंपन्या संवेदनक्षमता एका मिलिवॉटला किती हे सांगतात, तर काही एका व्होल्टला किती हे सांगतात. १६ ओहमच्या इअरफोनसाठी या दोन मोजण्यांत १८ डेसिबलचा फरक पडतो. म्हणजे ‘१२० डेसिबल प्रतिव्होल्ट’ आणि ‘१०२ डेसिबल प्रतिमिलिवॉट’ हे प्रत्यक्षात सारखेच. एकक न पाहता मोठा आकडा निवडणे फसवे ठरते.

महागडा ‘डॅक’ घ्यावाच लागतो का?

फोनला गोल छिद्र नसेल तर यूएसबी-सीला लावायची छोटी जोडणी लागते. तिच्यात डिजिटल संकेताचे आवाजात रूपांतर करणारी चिप, म्हणजे ‘डॅक’, असावी. चिप नसलेल्या स्वस्त जोडण्या अनेक फोनवर चालतच नाहीत. काही अँड्रॉइड फोनवर चिप असलेली जोडणीही पूर्ण आवाज देत नाही, त्यामुळे आपल्याच फोनवर लावून पाहणे उत्तम. त्यापलीकडे हजारो रुपये खर्चण्याची गरज बहुतेकांना नसते. प्लेनरचा इम्पिडन्स सर्व स्वरांना जवळपास सारखाच राहतो. म्हणून जोडणी बदलली तरी त्याचा मूळ बाज फारसा बदलत नाही. इअरफोन आणि डॅक यांत पैसे वाटायचे असतील तर मोठा वाटा इअरफोनचा असावा.

कानात नीट बसणे एवढे महत्त्वाचे का?

१४ मिमीचा पडदा आणि चुंबक मावायचे तर इअरफोनचे कवच मोठे होते. लहान कानात ते टोचते आणि तासाभरात दुखू लागते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे सिलिकॉनची टोपी कानाच्या नळीत घट्ट बसली नाही तर खर्जाचा आवाज निसटतो. ‘प्लेनरला बेस नाही’ ही तक्रार अनेकदा इअरफोनची नसून चुकीच्या मापाच्या टोपीची असते. म्हणून मत बनवण्याआधी सोबत येणारी सर्व मापे वापरून पाहावीत. काढता येणारी वायर असेल तर जोड कोणता आहे हेही पाहावे, कारण एमएमसीएक्स आणि ०.७८ मिमी दोन-पिन हे प्रकार एकमेकांना चालत नाहीत. दुसऱ्या टोकाची ४.४ मिमीची जाड पिन साध्या जोडणीत बसत नाही, हेही मागणी नोंदवण्याआधी तपासावे.

ऐकून कसे पारखावे?

ओळखीचे ध्वनिमुद्रण घ्यावे. तानपुऱ्याची जवारी वेगवेगळ्या पदरांनी ऐकू येते का, तबल्याचा डग्गा घुमतो की नुसताच ठोका वाजतो, गायिकेच्या ‘स’ आणि ‘श’ने कान टोचतात का, या तीन गोष्टी बरेच सांगून जातात. अनेक प्लेनरमध्ये वरच्या पट्टीला अतिरिक्त धार असते. सुरुवातीला ती ‘स्पष्टता’ वाटते, अर्ध्या तासाने थकवते. काहींना वाद्यांचा नाद लवकर विरल्यासारखा वाटतो. फोनच्या इक्वलायझरने धार कमी करता येते आणि कमी विकृतीमुळे प्लेनर असा बदल चांगला पेलतो.

लोकल आणि बसच्या प्रवासात उपयोग किती?

खरी कसोटी इथेच आहे. अनेक प्लेनर इअरफोनच्या कवचाला हवेसाठी छिद्रे असतात, त्यामुळे बाहेरचा गोंगाट पुरता अडत नाही. इंजिनाची घरघर आणि रुळांचा खडखडाट गाण्यातील बारकावे गिळून टाकतो. ज्यासाठी पैसे मोजले तेच ऐकू येत नाही. मग हात आपोआप आवाज वाढवण्याकडे जातो. विकृती कमी असल्याने वाढलेला आवाज कर्कश वाटत नाही, म्हणून धोका पटकन उमगत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार प्रौढांसाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित मानला जातो. ८५ डेसिबलला ही मर्यादा साडेबारा तासांवर येते आणि ९० डेसिबलला अवघ्या ४ तासांवर. जाऊन-येऊन रोज दोन तास, आठवड्याचे सहा दिवस लोकलने प्रवास करणाऱ्याचे १२ तास होतात. म्हणजे ८५ डेसिबललाच आठवड्याची मर्यादा जवळजवळ संपते. अतिआवाजाने गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही.

मग घ्यावा कोणी?

शांत खोलीत, वाचनालयात किंवा रात्री फोनवरूनच मन लावून ऐकणाऱ्याला प्लेनर इअरफोन त्याच्या किमतीत मोठा आनंद देऊ शकतो. ज्याचे बहुतेक ऐकणे गर्दीच्या डब्यात होते, त्याने गोंगाट चांगला अडवणारा बंद कवचाचा किंवा नॉइज कॅन्सलिंगचा इअरफोन घ्यावा. तिथे कमी आवाजातही गाणे नीट ऐकू येईल. दोन्ही हवे असतील तर आधी प्रवासाचा घ्यावा, प्लेनर नंतर. आणि कानात बसत नसेल तर परत करता येईल, अशाच विक्रेत्याकडून घ्यावा.