खळ्यातील रंगकाम आणि कोकणची हवा

मुंबई–गोवा महामार्गाला रत्नागिरी–कोल्हापूर रस्ता जेथे मिळतो, त्या हातखंबा तिठ्याच्या परिसरात मोटारीचा पत्रा सरळ करून तो घरच्या घरी रंगविण्याच्या कामाचा मागोवा घेतल्यास, त्यावर कारागिराच्या हातापेक्षा दमट हवेचा आणि रंगाच्या रसायनाचाच अंमल अधिक राहिला असे दिसते. वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर किंवा त्याहूनही अधिक पाऊस, एरवी समुद्राकडून येणारा खारा ओलावा आणि जांभ्याची तांबडी धूळ अशा या मुलखात हे काम मुळातच हंगामी होते. चाकरमान्यांच्या गाड्या गणपतीला गावी आल्या तरी भाद्रपदात रंगाला हात लावण्यात अर्थ नसे; भात झोडून खळे मोकळे झाल्यावर, आणि विशेषतः शिमग्यापासून मृगाच्या तोंडापर्यंत, त्याला खरी सवड मिळे.

अँबेसेडर आणि प्रीमियर पद्मिनी यांच्या काळात पत्रा जाड असल्यामुळे पोचा काढणे, म्हणजे आतून डॉली हा लोखंडी ठोकळा धरून बाहेरून हातोडीने पत्रा हळूहळू मूळ वळणावर आणणे, चिकाटीच्या माणसाला जमत असे. रंग नायट्रोसेल्युलोजचा, म्हणजे कारागिरांच्या भाषेत एन. सी.चा. १९२३ मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सने ओकलंड गाड्यांसाठी ड्युपाँटचा ‘ड्युको’ हा याच जातीचा रंग वापरला आणि गाडी रंगवून सुकविण्याला लागणारे दिवस तासांवर आले. हा रंग केवळ थिनर उडून सुकतो आणि पुन्हा थिनर लागताच विरघळतो. त्यामुळे ओघळ आला किंवा धूळ बसली तरी पाण्याच्या कागदाने घासून पुढचा हात मारता येई व तो खालच्या थरात मिसळून जाई. हौशी माणसाला इतका सांभाळून घेणारा रंग त्यानंतर आला नाही, असे म्हणण्यास हरकत नाही.

मात्र कोकणात त्याचा एक दोष फार जाचला. गनमधून फवारलेल्या रंगातील थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभागाची उष्णता ओढून घेतो, पत्रा भोवतालच्या हवेपेक्षा थंड होतो आणि हवेतील बाष्प ओल्या रंगावरच द्रवून त्याची चमक मारते. काळ्या बॉनेटवर राखेची पूड उडाल्यासारखा पांढुरका थर दिसतो. त्यावर सावकाश उडणारा थिनर, ज्याला रिटार्डर म्हणतात, तो थोडा मिसळणे हा एक उपाय, आणि दव पूर्णपणे सुकून ऊन चढेपर्यंत कॉम्प्रेसर सुरूच न करणे हा दुसरा, बिनखर्चाचा. धूळ बसावी म्हणून खळ्यात पाणी शिंपडण्याची रीत हवेत ओलावाच वाढवी, त्यामुळे शिंपणे आणि फवारणे यांत अंतर ठेवावे लागे.

पॉलिस्टर पुट्टी, म्हणजे हार्डनर मिसळल्यावर काही मिनिटांत कडक होणारी भरणी, सर्रास मिळू लागल्यावर काम सोपे झाले. पण हातोडीचे कष्ट टाळून खड्डाच भरून काढण्याची खोडही त्याबरोबर आली. पुट्टीला सूक्ष्म छिद्रे असल्याने ती ओल शोषते. खाली गंज शिल्लक असेल किंवा घासकाम पाणी वापरून केले असेल, तर एकाच पावसाळ्यानंतर रंगाला फुगे येत.

डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८००नंतर पत्रे पातळ झाले, पुढे बंपर प्लास्टिकचे झाले आणि मेटॅलिक रंगांचा काळ आला. त्या रंगातील ॲल्युमिनियमच्या चकत्या फवाऱ्याचे अंतर आणि दाब यांनुसार वेगवेगळ्या बसतात, म्हणून एकाच दाराचा तुकडा रंगविला तर तो शेजारच्या पत्र्याशी जुळत नाही. रंगावर चढणाऱ्या दोन घटकी पॉलियुरेथेन क्लिअरच्या, म्हणजे पारदर्शक थराच्या, हार्डनरमधील आयसोसायनेटमुळे दमा जडू शकतो आणि नाकावरचा रुमाल ते अडवीत नाही. स्वच्छ हवेच्या नळीचा मुखवटा लागतो. खळ्यातील काम महामार्गाकडेच्या गॅरेजांकडे आणि रंगकामाच्या बंद बूथकडे सरकण्यामागे चैनीपेक्षा हे कारण अधिक खरे.

घरी आता ओरखड्यावर स्प्रे कॅन किंवा टच-अपची बाटली फिरविण्याइतकेच काम उरले आहे. याहून उपयोगाचे, पण क्वचितच केले जाणारे काम म्हणजे दारांच्या खालच्या कडेची पाणी निचऱ्याची भोके पावसाआधी तारेने मोकळी करणे. ती तांबड्या मातीने बुजली की दार आतून कुजू लागते, आणि गंज बाहेर डोकावेपर्यंत पत्रा कापून नवा जोडण्यावाचून इलाज राहत नाही.