साधनेचे बळ

पडद्यावर विजेच्या चपळाईने लढणारा वीर पाहिला म्हणजे आपले डोळे दिपून जातात. परंतु त्या क्षणभराच्या चपळाईमागे किती वर्षांची साधना असते, हे आपल्या ध्यानात येत नाही. ब्रूस ली याचे चरित्र या दृष्टीने मननीय आहे.

त्याचा जन्म २७ नोव्हेंबर १९४० रोजी अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथे झाला. त्याचे वडील चिनी संगीत नाटकांतील नट होते आणि त्या वेळी ते नाटकमंडळीबरोबर दौऱ्यावर होते. पुढे हे कुटुंब हाँगकाँगला परतले. ब्रूस तेथेच वाढला. लहानपणीच त्याने चित्रपटांत कामे केली. पण स्वभाव तापट असल्यामुळे रस्त्यावरील मारामाऱ्यांतही तो पुढे असे. किशोरवयात इप मान या गुरूंकडे तो ‘विंग चुन’ ही युद्धकला शिकू लागला. अंगबळापेक्षा अचूकपणावर या कलेचा भर असतो.

१९५९ साली तो अमेरिकेस गेला. उपाहारगृहात काम करून त्याने शिक्षण घेतले, तत्त्वज्ञान अभ्यासले आणि युद्धकलेची शाळा काढली. तेथे वंशभेदाला थारा नव्हता. मुष्टियुद्ध व तलवारबाजी यांतील उपयुक्त तेवढे घेऊन त्याने ‘जीत कुन दो’ ही स्वतःची पद्धती घडविली.

१९७० साली मात्र त्याच्यावर मोठे संकट कोसळले. अंग पुरेसे मोकळे करून न घेता जड वजन उचलल्यामुळे त्याच्या पाठीला गंभीर इजा झाली. पुन्हा पूर्वीसारखी लाथ मारता येणार नाही, असे वैद्यांनी सांगितले. कित्येक महिने तो अंथरुणाला खिळून होता. पण हात जोडून तो स्वस्थ बसला नाही. पडल्या पडल्या त्याने वाचन केले आणि युद्धकलेवरील आपले विचार वह्यांत उतरवून काढले. मग हळूहळू व्यायाम करीत तो पुन्हा उभा राहिला. पाठीचे दुखणे मात्र त्याला जन्मभर सोबत करीत राहिले.

अमेरिकेतील चित्रसृष्टीत त्याला दुय्यम भूमिकाच मिळत. म्हणून तो हाँगकाँगला गेला. १९७१ साली ‘द बिग बॉस’ या चित्रपटाने त्याला अमाप यश दिले. मग अमेरिकन कंपनीनेच त्याला नायक करून ‘एंटर द ड्रॅगन’ हा चित्रपट काढला. दुर्दैवाने तो प्रदर्शित होण्यापूर्वीच, २० जुलै १९७३ रोजी, अवघ्या ३२ व्या वर्षी ब्रूस मरण पावला.

लोकांनी त्याची चपळाई पाहिली. तिच्या मुळाशी असलेली साधना अंथरुणावरही खंडित झाली नव्हती, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक आहे.